आवाजाची सनद

आमच्या सानगडी-साकोलीकडे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला कुणी संग्रहालय म्हणत नाही. तो अजब बंगला. शाळेची सहल निघाली की अजब बंगला, महाराजबाग, दीक्षाभूमी, रामन विज्ञान केंद्र आणि घरून कुणी बजावून ठेवले असेल तर ताजबाग, असा क्रम ठरलेला. साकोलीहून महामार्गाला लागले की शंभरेक किलोमीटर. सर रिचर्ड टेंपल हे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर असताना, १८६३ साली, हे संग्रहालय सुरू झाले. साहेबाने त्याला साहेबी नाव दिले. लोकांनी स्वतःचे दिले आणि तेच दीडशे वर्षांहून अधिक काळ तोंडात राहिले. त्यातला 'अजब' हा शब्द अरबी. तेराव्या शतकात कझवीनीने सृष्टीतल्या नवलांवर जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातही या शब्दाचेच नातलग आहेत. आमच्या आज्या 'अजायबघर' म्हणत, तेही त्यातूनच. पेंढा भरलेली जनावरे, दगडी मूर्ती आणि जुनी शस्त्रे एका छताखाली पाहून आमच्या भागातल्या शेतकऱ्याच्या तोंडून जो शब्द निघाला तो अरबस्तानातून आलेला होता, याची त्याला खबरही नव्हती. (खबर हा शब्दही तिकडचाच.)

अजब म्हणजे ज्याच्यापुढे माणूस थबकतो ते. आता मात्र संग्रहालयात शिरणारा माणूस थबकण्याआधी खिशातून फोन काढतो. दारावर लावलेली काळ्या-पांढऱ्या चौकोनांची खूण टिपतो, ॲप उतरवून घेतो, कानात तार घालतो. मग फोन सांगू लागतो: डावीकडे वळा, जिना चढा, समोरचे दालन, उजव्या कोपऱ्यातले कपाट. तुमच्याकडे वेळ किती आहे तेही विचारतो. अर्धा तास असेल तर मोजक्या वस्तू, दोन तास असतील तर जास्त. यात वाईट काय आहे? सकृद्दर्शनी काहीच नाही. पण कुणाच्या सांगण्यावरून चालावे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे आणि त्यावर आयुष्ये घालवलेली माणसे आपल्या परंपरेत थोडीथोडकी नाहीत. फोनच्या निमित्ताने तो पुन्हा पुढे घेत आहोत.

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. संग्रहालयात कानात बोलणारा वाटाड्या ही काही आजची गोष्ट नव्हे. ॲम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ सालीच रेडिओच्या लहरींवरून दालनांमध्ये व्याख्यान ऐकवायला सुरुवात केली होती. सगळ्यांच्या कानात एकाच वेळी एकच वाक्य, त्यामुळे सगळी मंडळी एकाच वेळी एकाच चित्राकडे माना वळवीत. पुढे टेप आल्या, मग आकडे दाबायची यंत्रे आली. आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही असा श्राव्य मार्गदर्शक मिळतो आणि तो मराठीत ऐकता येतो. पण तोवर चालायचे माणसालाच होते. यंत्र फक्त बोलायचे. २०१० साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या अमेरिकन संग्रहालयाने 'एक्स्प्लोरर' नावाचे ॲप काढले आणि त्यात तुम्ही इमारतीत नेमके कुठे उभे आहात हे फोनला कळू लागले. उपग्रहाचा संकेत जाड भिंतींच्या आत नीट पोहोचत नाही, म्हणून भिंतीवरच्या वाय-फायच्या पेट्यांपासून फोन किती दूर आहे याचा अदमास घेऊन जागा ठरवायची, अशी युक्ती. अलीकडे त्याच कामासाठी काडेपेटीएवढी ब्लूटूथची यंत्रे दालनात बसवतात. त्या न्यूयॉर्कच्या ॲपमध्ये डायनोसोरच्या सांगाड्याकडे जायची वाट होती तशी स्वच्छतागृहाची वाटही होती. हसण्यासारखी गोष्ट नाही ही. मधुमेह झालेल्या माणसाला आणि लहान मूल कडेवर असलेल्या बाईला विचारा, मोठ्या इमारतीत पहिली वाट कशाची हवी असते.

या यंत्राची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. आपल्यातले काही जाणते लोक नवी वस्तू दिसली की लगेच नाक मुरडतात. 'पूर्वी माणूस माणसाला विचारायचा, त्यातून ओळख व्हायची, जिव्हाळा वाढायचा,' असे म्हणतात. ज्याला विचारायची भीती कधी वाटली नाही तो हे म्हणू शकतो. आमच्या घरातल्या बायका परक्या शहरात वाट विचारायला कचरतात. बुरखा घातलेली बाई दारावरच्या पहारेकऱ्याला काही विचारते तेव्हा उत्तर येण्याआधी तिला एकदा खालपासून वरपर्यंत बघितले जाते. बहुतेक वेळा पुढे उत्तर नीटच मिळते, 'ताई, असे सरळ जा' म्हणून दोन पावले बरोबर चालणारेही भेटतात. पण तो एक क्षण असतो. दाढीटोपीवाल्या पोराच्या वाट्याला तो वेगळ्या तऱ्हेने येतो. त्याने वाट विचारली की त्याचे नाव, गाव, येण्याचे कारण आधी विचारले जाते. फोन असे काही विचारत नाही. तो सानगडीच्या पोराला आणि मलबार हिलच्या पोराला एकाच सुरात सांगतो, डावीकडे वळा. ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचून दाखवतो, ज्याला दिसत नाही त्याला वर्णन करून सांगतो. हा न्याय लहान नव्हे, आणि जो न्याय माणसांनी द्यायला हवा होता तो यंत्राकडून मिळाला म्हणून तो नाकारायचाही नाही.

आता आमच्या नात्यातल्या एका खालांची गोष्ट. एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयात त्या भाचीबरोबर गेल्या होत्या. भाचीने एक तार स्वतःच्या कानात, एक खालांच्या कानात घातली. शस्त्रांच्या दालनात आवाज म्हणाला की समोरच्या तलवारी मुस्लिम काळातल्या आहेत. खाला थांबल्या.

"ये कौन बोल रहा, बेटा?"

"कोई नहीं खाला, रेकॉर्डिंग है."

"रेकॉर्डिंग का भी तो मुँह होगा. किसने बोला?"

भाचीने फोन खालीवर करून पाहिला. नाव कुठेच नव्हते. खालांचा दुसरा प्रश्न त्याहून सरळ होता. मुसलमानांचा काळ म्हणजे कुठला? तो संपला कधी? आम्ही तर आहोत अजून.

भाची हसली, आणि घरी आल्यावर सगळ्यांना हा किस्सा सांगितला तेव्हा सगळेच हसले. पण खालांनी विचारलेले दोन्ही प्रश्न फार मोठे आहेत आणि त्यांचे उत्तर एकच आहे. हिंदुस्थानच्या इतिहासाचे हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश असे तीन तुकडे जेम्स मिल या स्कॉटिश माणसाने १८१७ साली छापलेल्या आपल्या इतिहासग्रंथातून रूढ केले. पहिल्या दोन काळांना धर्माचे नाव दिले, तिसऱ्याला मात्र देशाचे. स्वतःच्या काळाला ख्रिस्ती काळ म्हणावे असे त्याला वाटले नाही. हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आला नव्हता. इथली एकही भाषा त्याला येत नव्हती, आणि हे त्याने प्रस्तावनेत लपवलेले नाही. उलट दूर राहिल्यामुळे आपला निवाडा अधिक चांगला होतो असा त्याचा दावा होता. तर खालांच्या कानात बोलणारे तोंड हे होते. मधे दोनशे वर्षे गेली, क्रमिक पुस्तके, वस्तूंखालच्या चिठ्ठ्या, मार्गदर्शकांची पाठांतरे या सगळ्यांतून ते वाक्य घरंगळत आले आणि शेवटी एका गोड आवाजात फोनमध्ये जाऊन बसले. आवाजाला नाव नव्हते म्हणून ते कुणाचे वाक्य आहे हे कुणाला कळले नाही.

हदीसच्या अभ्यासकांनी एक शिस्त घालून दिली होती. कुणी काही सांगू लागला की आधी विचारायचे, तुला कुणी सांगितले? त्याला कुणी? अशी नावामागून नाव जाणारी साखळी म्हणजे इस्नाद, सनद. साखळीतला एखादा माणूस विसरभोळा निघाला, खोटे बोलणारा निघाला, किंवा ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो कधी भेटलाच नव्हता असे दिसले, तर मजकूर कितीही गोड असो, तो बाजूला ठेवायचा. त्यासाठी हजारो माणसांची चरित्रे गोळा केली गेली. ते एक स्वतंत्र शास्त्रच झाले. अरबीत सनद म्हणजे ज्यावर टेकता येते तो आधार. मराठीत हा शब्द दरबारातून आला: इनामाची सनद, वतनाची सनद, आणि आजही वकिलाची सनद. अर्थ फार लांब गेलेला नाही. सनद नसेल तर दावा उभा राहत नाही. मग आमचे म्हणणे एवढेच आहे की संग्रहालयात आमच्या कानात बोलणाऱ्याला ही अट का लावू नये?

यावर कुणी म्हणेल, अहो, सगळेच तपासत बसलो तर जगायचे कसे? डॉक्टरने गोळी दिली की आपण ती घेतोच ना? खरे आहे. तकलीद, म्हणजे दुसऱ्याच्या विश्वासावर चालणे, माणसाला टाळता येत नाही. आपल्यातले बहुतेक लोक धर्माच्या बाबतीतही एखाद्या इमामाच्या मागे चालतात आणि त्यात त्यांना काही उणे वाटत नाही. इमाम गझालींसारखा एखादाच आपल्या आत्मकथनात सांगून जातो की तरुणपणीच आपल्यावरचे तकलीदचे बंधन सुटले. आणि त्याची त्यांनी केवढी किंमत मोजली तेही आपल्याला ठाऊक आहे. सगळ्यांनी गझाली व्हावे असे म्हणणे वेडेपणाचे होईल. पण जो तकलीद करतो तो निदान कुणाची करतो हे सांगू शकतो. त्याला इमामाचे नाव माहीत असते. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नाव असते, पदवी असते, नोंदणीचा आकडा असतो. गोळी बाधली तर जाऊन विचारता येते. कानातल्या आवाजाला जाऊन विचारायची सोय नाही. आता तर तो आवाज यंत्रच तयार करते आणि बोलायचा मजकूरही यंत्रच जुळवू लागले आहे. तिथे तर साखळीची पहिली कडीही माणसाची नाही, किंवा इतक्या माणसांची आहे की कुणालाच पकडता येऊ नये.

संग्रहालयातल्या प्रत्येक वाक्यामागे खरे तर कुणीतरी माणूस बसलेला असतो आणि आमच्या नागपुरात याचा फार चांगला दाखला आहे. देशभरातले अरबी आणि फारसी शिलालेख वाचणारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची शाखा नागपुरात आहे. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? मशिदीच्या कमानीवर, विहिरीच्या काठावर, कबरीच्या उशाशी कोरलेली अक्षरे, अर्धी झिजलेली, चुन्याने माखलेली, त्यांवर ओला कागद थापून ठसा घ्यायचा, तो वाळवायचा, उजेडात धरायचा आणि एकेक नुक्ता शोधत बसायचे. झियाउद्दीन देसाई यांनी हे काम हयातभर केले आणि या शाखेचे ते प्रमुख होते. असा एखादा शिलालेख संग्रहालयात आला की ॲप तुम्हाला त्याच्यासमोर नेऊन उभे करील. त्यावर काय लिहिले आहे ते दोन ओळींत सांगेल. पण त्या दोन ओळींसाठी कुणाचे डोळे गेले ते तो सांगणार नाही. ते नाव सांगायला किती वेळ लागतो? चार सेकंद. आणि ते नाव मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराच्या कानावर पडले तर, अरबी येणे म्हणजे फक्त मौलवी होणे नव्हे, त्यातून इतिहासाचा शोधही घेता येतो, हे त्याला तिथल्या तिथे कळेल. आमच्या दृष्टीने त्या सहलीचा सगळा खर्च एवढ्यातच वसूल होतो.

गुंगेरियाचे उदाहरणही असेच. आमच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले हे गाव. १८७० साली तिथे गुरे चारणाऱ्या मुलांना जमिनीतून वर आलेला धातूचा तुकडा दिसला आणि उकरल्यावर ४२४ तांब्याची हत्यारे आणि १०२ चांदीचे पत्रे निघाले. त्यांतले काही आज अजब बंगल्यात आहेत, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. वाट दाखवणारे ॲप तुम्हाला कपाटापर्यंत नेते. इथे अमुक नग आहेत, असे ते सांगेल, आणि ते खरेच असेल. पण बाकीचे कुठे, ते कुणी नेले आणि कुणाला विचारून नेले, हे प्रश्न कपाटाच्या बाहेरचे आहेत. ॲपचा नकाशा इमारतीच्या भिंतीपाशी संपतो. त्या गुराख्यांच्या पोरांची नावेही कुठे लागलेली नाहीत. आमच्याकडच्या पोराला मात्र गुरे चारताना काय काय दिसते हे माहीत असते, त्याला त्या कपाटापुढे उभे केले तर तो आधी हेच विचारतो, "सापडलं कोणाले?"

वाट दाखवणारा फोन आपल्या घरात आणखी एका कारणाने शिरला आहे, तो म्हणजे किब्ला. हल्ली मशिदीत एखादा नवा शिकलेला तरुण फोन सपाट धरून उभा राहतो आणि म्हणतो, आपल्या सफी चुकीच्या आहेत. आमच्या भागात याचा हिशेब मोठा गमतीचा आहे. मक्का आणि आमचा भंडारा जिल्हा जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात, दोन्ही एकवीस अंशांच्या आसपास. म्हणून भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली तर मक्का सरळ पश्चिमेला. जुन्या लोकांनी सूर्य मावळतो ती दिशा धरली. पण पृथ्वी गोल असल्याने सगळ्यांत जवळची वाट किंचित उत्तरेकडे झुकते, पश्चिमेपासून सुमारे आठ अंश. फोन हे आठ अंश दाखवतो आणि तरुणाला वाटते, बापजाद्यांच्या नमाजा गेल्या. तसे काही नाही. दूरच्या माणसाने त्या दिशेला तोंड केले की पुरे, काबा अचूक साधलाच पाहिजे असे नाही, असे बहुसंख्य फकीहांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. शिवाय तोच फोन लोखंडी कपाटाजवळ नेऊन पाहावा. त्यातली चुंबकसुई अशी फिरते की मक्का थेट नागझिऱ्याच्या जंगलात जाते.

इथे आम्हाला अल्-बिरूनी आठवतो. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी त्याने शहरांमधली अंतरे आणि त्यांच्या जागा ठरवण्यावर एक ग्रंथ लिहिला आणि गझना शहराचा किब्ला गणिताने काढला. म्हणजे आजचे किब्ला दाखवणारे ॲप हे बिरूनीचेच वारस आहे, ते परक्यांचे सैतानी खेळणे वगैरे काही नाही. फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. बिरूनीने नुसते उत्तर दिले नाही. मोजमाप कसे घेतले, कुणाचे आकडे घेतले, त्यांत शंका कुठे आहे, हे सगळे मांडून ठेवले. ज्याला पटणार नाही त्याने पुन्हा मोजावे. फोन उत्तर देतो आणि गप्प बसतो. उत्तर बहुधा बरोबरच असते, याबद्दल आमचे भांडण नाही.

मग जे सांगितलेच जात नाही त्याचे काय? २०२३ साली एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासातून मुघल दरबारांवरचे प्रकरण वगळले गेले तेव्हा निदान बोभाटा झाला. जुने पुस्तक आणि नवे पुस्तक शेजारी ठेवता आले, पाने मोजता आली, वर्तमानपत्रांत लिहिता आले. ॲपमध्ये एखादी वस्तू अर्ध्या तासाच्या फेरीतून काढली तर कोण पाने मोजणार? काल होती आणि आज नाही, एवढेच. मुंबईच्या संग्रहालयात अकबराचे चिलखत आहे. त्याच्या काळातल्या 'अन्वार-ए-सुहैली'च्या हस्तलिखितातली चित्रे आहेत, आणि ती पंचतंत्राच्या गोष्टींची आहेत. म्हणजे आपल्याच मातीतल्या कोल्ह्या-कावळ्यांच्या गोष्टी फारसीत जाऊन, रंग लावून पुन्हा आपल्याकडे आल्या. त्या इमारतीच्या घुमटाचा वाण विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे, आणि तो पाहायला तर कुठल्याच फेरीची गरज नाही, मान वर केली की झाले. वस्तू दालनात आहे तोवर फेरीतून वगळली तरी ती नाहीशी होत नाही. पण ती दिसायला माणसाने फोनवरून नजर उचलली पाहिजे, वाट सोडून दोन पावले भलतीकडे गेले पाहिजे. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. मात्र ज्यांनी वस्तूच्या एखाद्या बारक्या भागावर कॅमेरा जवळ नेला त्यांच्या आठवणीत तसा उणेपणा आला नाही. म्हणजे दोष सगळा यंत्राचाच नाही. ते हातात असताना आपण कशाकडे बघत होतो हे महत्त्वाचे.

वर आम्ही म्हटले की फोन नाव विचारत नाही. ते अर्धेच खरे आहे. त्याला विचारायची गरजच नसते. परवानगी दिलेली असेल तर आपण कुठल्या दालनात किती वेळ थांबलो, कुठे परत गेलो, कुठे न थांबता निघून गेलो, हे सगळे त्याच्याकडे नोंदले जाऊ शकते. पहारेकऱ्याची ती एक नजर बोचते खरी, पण ती तिथेच संपते. फोनची नजर बोचत नाही आणि संपतही नाही. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला, हे चांगले झाले. पण 'मला मान्य आहे' यावर बोट ठेवण्याआधी तो लांबलचक मजकूर आमच्यापैकी किती जण वाचतात? आणि तो मराठीत किती ठिकाणी असतो? खालांनी विचारले असते, "ये किसको बता रहा, मैं कहाँ खड़ी हूँ?" हा तिसरा प्रश्न त्यांना त्या दिवशी सुचला नाही, कारण तो कानात बोलत नाही.

आता गावाकडे. सानगडीला किल्ला आहे, नागपूरकर भोसल्यांच्या काळातला. सहानगड असेही त्याला म्हणतात. शेजारी तलाव. या जिल्ह्यात तलावांना तोटा नाही, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाच्या लोकांनी जे कसब दाखवले ते इंजिनियरांनीही वाखाणावे असे. जिल्ह्यातच पवनीला १९६९-७० साली उत्खनन होऊन बौद्ध स्तूप उघडा पडला. म्हणजे पाहण्यासारखे आमच्याकडे काही कमी नाही. किल्ल्यावर मात्र कानात बोलणारे कुणी नाही. तिथे गेले की म्हाताऱ्यांपैकी कुणी किंवा बकऱ्या घेऊन आलेला एखादा पोरगा बरोबर चालू लागतो आणि भुयाराची गोष्ट सांगतो. जुन्या किल्ल्यांना भुयार असतेच, निदान गोष्टीत तरी. ते कुठवर जाते हे सांगणाऱ्याच्या हिमतीवर अवलंबून. ही गोष्ट खरी नसणार हे सांगणाऱ्यालाही माहीत असते. तरी त्याला विचारा, तुम्हाला कुणी सांगितले? तो ताबडतोब म्हणतो, आमच्या आजाने. त्याचे नाव सांगतो, घर दाखवतो. गोष्ट कच्ची, सनद मात्र आहे. मोठ्या संग्रहालयातल्या आवाजाची माहिती पक्की असेल, पण सनद नाही. या दोहोंत कोण बरा, हे ठरवणे वाटते तेवढे सोपे नाही. सनद असली म्हणून गोष्ट खरी होत नाही. हदीसच्या अभ्यासकांनी नावानिशी आलेली कितीतरी कथने फेटाळली. पण नाव होते म्हणूनच त्यांना ती फेटाळता आली.

उद्या आमच्या गावच्या शिकलेल्या पोरांनी ठरवले की किल्ल्याच्या दारावर ती काळी-पांढरी खूण लावायची आणि फोनवर वाट सांगायची, तर आम्ही आडवे येणार नाही. खर्च फार नाही, पोरे हुशार आहेत. भांडणे मात्र होतील आणि ती व्हावीत. आवाज प्रमाण मराठीत असावा की झाडीबोलीत? आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांसाठी घरच्या बोलीत वेगळा असावा का? आधी भोसले सांगायचे की तलाव? तलाव सांगायचा तर कोहळ्यांचे नाव घ्यायचे की नुसते 'पूर्वजांनी' म्हणून मोकळे व्हायचे? किल्ल्यावर चाकरीला कोण कोण होते, त्यांत आमचे कुणी होते का, आणि होते म्हणायचे तर कशाच्या आधारावर? भुयाराची गोष्ट ठेवावी असे आमचे मत आहे. म्हाताऱ्याच्याच आवाजात, आणि शेवटी त्याने आपल्या आजाचे नाव घ्यावे. मात्र तो आवाज लवकर भरून घ्यायला हवा, कारण त्याला हल्ली चढ चढवत नाही.